सुईच्या टोकावरचे टक्के

थायरॉइडच्या गाठीतून सुईने पाणी काढून तपासायचे ठरले की रुग्णाचा, आणि रुग्ण गप्प बसला तर सोबत आलेल्या भावाचा किंवा जावयाचा, एक प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, ही टेस्ट किती टक्के खरी?’ प्रश्न रास्त आहे. पैसे मोजून, मानेत सुई टोचून घेऊन जे कळणार ते भरवशाचे असावे असे कुणालाही वाटेल. उत्तरही बहुधा तयार असते, ‘पंचाण्णव टक्के’. ते ऐकून माणूस निश्चिंत होतो. हा आकडा कुणी मनाने बनवलेला नसतो, कुठल्या तरी पुस्तकात तो छापलेला असतो. पण या तपासणीला स्वतःची अशी एकच अचूकता आहे, हे गृहीतकच मला मान्य नाही. तोच हात, तीच सुई, तेच सूक्ष्मदर्शक ठेवून ही टक्केवारी पन्नासवरही आणता येते आणि नव्वदच्या पुढेही नेता येते. कोणाला टोचले, काय मोजले आणि चूक कशाला म्हटले यावर ते ठरते. या तीन गोष्टी न सांगता दिलेला आकडा धीर देतो, माहिती देत नाही.

आधी ही तपासणी काय आहे ते पाहू. एफएनएसी या नावाने आपल्याकडे ती ओळखली जाते. रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक, साधारण २३ ते २५ गेजची सुई गाठीत घालून ती काही सेकंद मागेपुढे हलवतात. सुईच्या पोकळीत जो थोडासा ऐवज येतो तो काचेवर पसरतात. काही काचा हवेत वाळवून गिम्सासारख्या रंगाने रंगवतात, काही अल्कोहोलमध्ये बुडवून पापानिकोलाऊ पद्धतीने. मग पॅथॉलॉजिस्ट त्या पेशी बघतो. काचेवर निदान सहा पुंजके आणि प्रत्येक पुंजक्यात निदान दहा नीट दिसणाऱ्या पेशी असतील तरच नमुना पुरेसा मानायचा, असा संकेत आहे. म्हणजे कोट्यवधी पेशींच्या गाठीबद्दलचा कौल कधी कधी साठ-सत्तर पेशींवर उभा असतो. हे वाचून दचकायचे कारण नाही. पॅपिलरी कॅन्सरच्या पेशींची केंद्रके इतकी वेगळी असतात (फिकट, खाचा पडलेली, आत पोकळीसारखा ठिपका दिसणारी) की थोड्या पेशींतही सरावलेल्या नजरेला ओळख पटते. आणि थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये बहुसंख्य पॅपिलरीच असतात. या तपासणीचे नाव झाले ते मुख्यतः या एका रोगाच्या जोरावर.

सुईने गाठीतला ऐवज ओढून निदान करण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये मांडली. त्यांची सुई जाड होती आणि अमेरिकेत ती फारशी रुजली नाही. सर्जनला हातात मांसाचा तुकडा हवा असे, पॅथॉलॉजिस्टलाही. बारीक सुईचे काम खरे उभे केले ते स्वीडनने. सॉडरस्ट्रॉम यांनी १९५२ मध्ये, आणि मग स्टॉकहोमच्या आइनहॉर्न व फ्रान्झेन यांनी १९६२ मध्ये थायरॉइडसाठी ती वापरून दाखवली. तिथून जगभर पसरायला आणखी दोनेक दशके गेली. ती पसरल्यावर जे घडले त्यात या तपासणीचे खरे मोल दिसते. थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे पाव हिश्श्याने कमी झाल्या, आणि ज्यांच्यावर झाल्या त्यांच्यात कॅन्सर सापडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून दुप्पट झाले. त्याआधी गाठ दिसली की शंकेपोटी मान उघडली जात असे आणि बहुतेक वेळा साधी गाठच हाती येई. सुईने कॅन्सर शोधला हे खरेच, पण त्याहून मोठे काम म्हणजे तिने हजारो माणसांना ऑपरेशन टेबलापासून दूर ठेवले. चाळणी म्हणून ती जन्मली. तिला न्यायाधीश आपण नंतर केले.

आता आकड्यांकडे. मेयो क्लिनिकच्या घरीब आणि गेलनर यांनी १९९३ मध्ये सात मोठ्या अभ्यासांतल्या अठरा हजारांहून अधिक तपासण्या एकत्र करून पाहिल्या. असलेला कॅन्सर पकडण्याची क्षमता वेगवेगळ्या अभ्यासांत ६५ ते ९८ टक्के होती, सरासरी ८३. साध्या गाठीला साधी म्हणण्याची क्षमता ७२ ते १०० टक्के, सरासरी ९२. सरासरी सोडा, त्या दोन टोकांमधले अंतर बघा. पासष्ट आणि अठ्ठ्याण्णव ही एकाच तपासणीची मापे म्हणायची का? पुढे २०१२ मध्ये बोंजोव्हानी आणि सहकाऱ्यांनी २५,४४५ तपासण्यांचा आढावा घेतला. तिथे पहिली क्षमता ९७ टक्के निघाली आणि दुसरी फक्त ५०.७. एकूण अचूकता ६८.८ टक्के. वीस वर्षांत सुई कॅन्सर पकडण्यात हुशार आणि साधी गाठ ओळखण्यात निम्म्याने मठ्ठ झाली काय?

तसे काही झाले नाही. हिशेबाची रीत निराळी होती. मधल्या काळात २००७ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने परिषद भरवली आणि तिथून रिपोर्टची सहा खानी पद्धत आली. आज आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टांवर ‘बेथेस्डा’ हे नाव आणि रोमन आकडा असतो तो त्यामुळे. पहिल्या खान्यात अपुरा नमुना. दुसऱ्यात साधी गाठ, आणि तपासलेल्या गाठींपैकी साठ-सत्तर टक्के इथेच येतात. सहाव्यात कॅन्सर, पाचव्यात कॅन्सरचा दाट संशय. मधला तिसरा आणि चौथा खाना हा सगळ्या वादाचा मुलूख. तिसऱ्यात ‘पेशी जरा वेगळ्या दिसतात, पण नक्की म्हणता येत नाही’ असे प्रकार, चौथ्यात ‘फॉलिक्युलर’ जातीची गाठ. २०१२ च्या आढाव्यात चौथ्या खान्यापासून पुढचे सारे ‘पॉझिटिव्ह’ धरले होते, कारण त्या गाठी ऑपरेशनला जातात. चौथ्या खान्यातल्या बहुसंख्य गाठी कापल्यावर साध्या निघतात, म्हणून त्या साऱ्या सुईच्या नावावर चुका म्हणून लागल्या. पण पॅथॉलॉजिस्टने तिथे ‘कॅन्सर आहे’ असे म्हटलेच नव्हते. ‘मला इथून सांगता येत नाही’ असे तो म्हणाला होता. प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला चुकलेला धरायचे की नाही? धरले तर अचूकता घसरते, वगळले तर टक्केवारी नव्वदीपार जाते. त्याच आढाव्यात नुसत्या ‘कॅन्सर’ आणि ‘साधी’ या ठाम निदानांतल्या चुका अगदी थोड्या निघाल्या. दोन्ही आकडे खरेच आहेत, आणि जाहिरातीत कोणता छापला जातो हे सांगायला नको.

हा चौथा खाना नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे सुईची मर्यादा कौशल्याची नाही, जातीची आहे. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती पातेल्यातला सगळा भात एकाच वाफेवर शिजलेला असतो म्हणून. फॉलिक्युलर गाठीत शिते साऱ्या पातेल्यात सारखीच असतात, पण प्रश्न भाताबद्दल नसतोच, पातेल्याला कुठे चीर गेली आहे का हा असतो. फॉलिक्युलर कॅन्सर आणि फॉलिक्युलर अॅडिनोमा ही साधी गाठ, या दोघांच्या पेशी काचेवर सारख्याच दिसतात. कॅन्सरने गाठीचे आवरण भेदले आहे का, रक्तवाहिनीत शिरकाव केला आहे का, यावरच फरक ठरतो. आवरण बघायचे तर गाठ अख्खी काढून तिच्या कडेचे काप घेऊन बघावे लागते. सुईत आवरण येत नाही, पेशी येतात. मग जगातला सर्वोत्तम पॅथॉलॉजिस्ट बसवला, दहादा टोचले, तरी या प्रश्नाचे उत्तर त्या काचेवर नाही. अशा वेळी थायरॉइडचा अर्धा भाग काढून निदान करावे लागते. ऑपरेशन उपचार म्हणून नव्हे, तपासणी म्हणून होते, आणि तसे होणार हे रुग्णाला आधी सांगितलेले असले तर नंतरचे अर्धे भांडण टळते. ‘ऑपरेशन केले आणि काही निघालेच नाही’ ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. काही निघणार नाही ही शक्यता पहिल्यापासून जास्तच होती.

आणि इथे एक गंमत. आयोडीन कमी असलेल्या प्रदेशांत फॉलिक्युलर कॅन्सरचे प्रमाण तुलनेने जास्त असते. मिठातून आयोडीन मिळू लागले की पॅपिलरीचा वाटा वाढतो. भारताने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू केला. तेव्हाच्या हिमालयाच्या पायथ्याशी ही तपासणी आली असती तर तिची टक्केवारी आजच्या मुंबईतल्यापेक्षा वेगळी दिसली असती. पॅथॉलॉजिस्टच्या कीर्तीत घरातल्या मिठाचाही हात असतो म्हणायचा.

अचूकता काढायची तर सुईचा निकाल कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. तो ताडतात गाठ काढल्यानंतरच्या हिस्टोपॅथॉलॉजीशी, म्हणजे काढलेल्या गाठीचे काप घेऊन केलेल्या तपासणीशी. पण गाठ काढतात कुणाची? ज्यांचा रिपोर्ट संशयास्पद आला त्यांची. त्या पंचवीस हजारांच्या आढाव्यातही सुमारे पाव हिश्श्याचीच ऑपरेशने झाली होती. ‘साधी गाठ’ असा रिपोर्ट घेऊन घरी गेलेल्या बहुतेकांची गाठ कधीच उघडली जात नाही, आणि उघडली जाते ती सहसा गाठ वाढते आहे, सोनोग्राफीत काही खटकते आहे म्हणून. म्हणजे साध्या ठरवलेल्या गाठींपैकी आधीच शंका असलेल्याच तेवढ्या पुन्हा तपासल्या जातात, आणि त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधला जातो. बेथेस्डाच्या २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या खान्यासाठी कॅन्सरची सरासरी शक्यता ४ टक्के दिली आहे ती अशाच हिशेबातून आलेली. घरी गेलेल्या सगळ्यांचा विचार केला तर ती याहून कमी असणार. कुठलाही अभ्यास यातून पूर्ण सुटू शकत नाही, कारण आकडा नीट यावा म्हणून साध्या गाठी असलेल्या हजार माणसांच्या माना कुणी उघडणार नाही. उघडूही नयेत.

आता ‘पंचाण्णव टक्के’ घेऊ आणि तो आकडा शंभर टक्के खरा आहे असे मानू. समजा कॅन्सर असलेल्या शंभरातले ९५ सुई पकडते आणि साध्या शंभरातल्या ९५ ना साध्या म्हणते. (हे उदाहरण हिशेबासाठी, कुठल्या अभ्यासातले नाही.) एका तालुक्याच्या गावी जिच्या-तिच्या मानेतल्या गाठीला सुई लावली जाते, आणि हजार गाठींत खरे कॅन्सर ५० आहेत. सुई त्यातले ४७-४८ पकडेल. उरलेल्या ९५० साध्या गाठींतही ४७-४८ वर ती चुकून बोट ठेवेल. ‘कॅन्सर’ असा रिपोर्ट हातात घेतलेल्या दोघांपैकी एकालाच कॅन्सर आहे. आता तीच सुई एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात न्या, जिथे निवडून पाठवलेल्या हजार गाठींत कॅन्सर ३०० आहेत. तिथे ‘कॅन्सर’ म्हटलेल्या ३२० पैकी २८५ ना खरोखर तो असेल, म्हणजे दहांतल्या जवळजवळ नऊ जणांना. उलट ‘साधी’ म्हटलेल्यांत चुकण्याचे प्रमाण गावात हजारी तीनच्या आसपास राहील आणि मोठ्या रुग्णालयात शेकडा दोनच्या वर जाईल. गावात ‘साधी’ या शब्दावर जास्त विसंबता येते, मोठ्या रुग्णालयात ‘कॅन्सर’ या शब्दावर. एकाच अचूकतेच्या पोटात ही दोन्ही सत्ये बसतात. तरी आपण मुंबईच्या मोठ्या संस्थेतला आकडा वाचून गावातल्या रिपोर्टला लावतो आणि काही बिनसले की गावातल्या पॅथॉलॉजिस्टला नावे ठेवतो.

इतका वेळ मी हिस्टोपॅथॉलॉजीला अंतिम सत्य धरून बोललो. ते पूर्णपणे तसे नाही. सिबास आणि सहकाऱ्यांचा २०१३ मध्ये छापून आलेला अमेरिकेतला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. स्थानिक पॅथॉलॉजिस्टने दिलेले निदान तज्ज्ञांच्या मध्यवर्ती गटाने पुन्हा पाहिले. सुईच्या काचांवर बेथेस्डाच्या खान्यांबाबत एकमत झाले ६४ टक्के वेळा. काढलेल्या गाठीवर, साधी की कॅन्सर एवढ्याच प्रश्नावर, सुमारे ९१ टक्के. ज्या फुटपट्टीने सुई मोजायची तीच दहांत एकदा हातागणिक बदलते.

त्याहून नवलाची घटना २०१६ ची. निकिफोरोव्ह यांच्या पुढाकाराने देशोदेशीच्या तज्ज्ञांनी पॅपिलरी कॅन्सरचा एक प्रकार पुन्हा तपासला. या गाठी आवरणात बंद राहतात, बाहेर घुसत नाहीत. अशा शंभरावर रुग्णांचा दहा वर्षांहून जास्त काळ माग काढला, तेव्हा एकाच्याही बाबतीत रोग उरल्याचा पुरावा मिळाला नाही. मग त्या गाठीच्या नावातून ‘कॅन्सर’ हा शब्दच काढून टाकला गेला. तिला आता निफ्टपी म्हणतात. कालपर्यंत जिला कॅन्सर म्हणणे हे सुईचे यश होते, तिला आज कॅन्सर म्हणणे ही चूक झाली. काच तीच, पेशी त्याच. बेथेस्डाच्या २०१७ च्या आवृत्तीत म्हणूनच धोक्याचे दोन रकाने छापावे लागले, एक ही गाठ कॅन्सर धरून आणि एक न धरून. तिसऱ्या खान्यासाठी एका रकान्यात सुमारे १० ते ३० टक्के, दुसऱ्यात ६ ते १८. एका शब्दाच्या बदलाने एका रुग्णाची शक्यता जवळपास निम्मी होते, आणि त्या रुग्णाला याचा पत्ताही नसतो. चूक-बरोबर ठरवणारी सीमारेषा निसर्गाने काही प्रमाणात आखलेली आहे आणि काही प्रमाणात माणसांच्या समितीने. हे मान्य केल्याने विज्ञानाची मान खाली जात नाही, उलट समितीने आपलीच रेघ पुसून मागे घेतली याचे मला कौतुकच वाटते.

तरीही क्षणभर मानू की हे सगळे अडथळे दूर झाले. सुई कधीच चुकत नाही, काच कधीच फसवत नाही. मग रुग्णाचे भले होईल? दक्षिण कोरियाने हा प्रयोग नकळत करून पाहिला. तिथे १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. तिच्यात थायरॉइड नव्हता, पण दवाखान्यांनी तीस ते पन्नास डॉलरांत थायरॉइडची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. लोकांनी आनंदाने करून घेतली. बारीकसारीक गाठी दिसू लागल्या, त्यांना सुया लागल्या, आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचा दर १९९३ च्या पंधरापट झाला. एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त माणसांना हा कॅन्सर असल्याचे सांगितले गेले. या रोगाने मरणाऱ्यांची संख्या मात्र होती तिथेच राहिली, वर्षाला चारशेहून कमी. निदान झालेल्या जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांच्यापैकी सुमारे ११ टक्क्यांच्या कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्या, २ टक्क्यांची स्वरतंतूची नस दुखावली. पुढे २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे या तपासण्यांविरुद्ध आवाज उठवला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया ३५ टक्क्यांनी घटल्या.

या सगळ्या प्रकरणात सुई चुकली नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवे. तिने कॅन्सर म्हटले तिथे कॅन्सरच होता. हिस्टोपॅथॉलॉजीने तिला दुजोरा दिला. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने हजारो ‘अचूक’ निदाने झाली. प्रत्येक निदान बरोबर आणि एकूण परिणाम मात्र घात, असे वैद्यकात होऊ शकते. कारण निदान बरोबर आहे का, या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न उभा असतो : हे माहीत होण्याची गरज होती का? फिनलंडमध्ये १९८५ मध्ये हाराख आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्याच कारणांनी मरण पावलेल्या १०१ जणांच्या थायरॉइडचे बारीक काप घेऊन पाहिले, तेव्हा तिघांतल्या एकाहून जास्त जणांत, ३५.६ टक्के, पॅपिलरी कॅन्सरचे बारीक ठिपके मिळाले. माणसे ते घेऊन जगली आणि दुसऱ्याच कशाने तरी गेली. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलात आकिरा मियाउची यांनी १९९३ मध्ये सुचवले की एक सेंटिमीटरपर्यंतच्या अशा कॅन्सरला हात न लावता नुसते लक्ष ठेवू. त्यांच्या १,२३५ रुग्णांत दहा वर्षांत गाठ ठळकपणे वाढली ती ८ टक्क्यांची, मानेतल्या लसिका ग्रंथींत रोग गेला तो ३.८ टक्क्यांत. वाढला तेव्हा ऑपरेशन केले आणि त्याने काही बिघडले नाही. सुईने ‘कॅन्सर’ असे सांगितल्यावर काहीही न करणे हा एक उपचार असू शकतो, हे मात्र आपल्या कुटुंबांत कुणाच्या गळी उतरवणे फार अवघड. आईला कॅन्सर आहे आणि मुलगा गप्प बसला आहे, हे चारचौघांत सांगायचे कसे?

याच्या उलट बोलणारेही असतात. सुई इतकी बेभरवशाची, तर गाठ काढूनच टाका ना, कटकट नको. हा सल्ला व्यवहारी वाटतो. पण पूर्ण थायरॉइड काढला की रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि ती जन्मभर. अर्धा काढला तरी काहींना गोळी लागतेच. आवाजाची नस ग्रंथीच्या मागून जाते. शिक्षिका, कीर्तनकार, भाजी विकणारी बाई, कुणाचाही आवाज हे त्यांचे भांडवल असते. शंकेचे समाधान म्हणून ही किंमत मोजायची, तर आधी शंका किती मोठी आहे ते विचारायला हवे, आणि तेवढेच तर सुई बऱ्यापैकी सांगते. दुसऱ्या खान्यात ४ टक्के, चौथ्यात ३०, पाचव्यात ७४, सहाव्यात ९७, अशी २०२३ ची सरासरी आहे. यात ‘हो’ किंवा ‘नाही’ कुठेच नाही, उतरंड आहे. चार टक्क्यांना घाबरून मान उघडणे आणि चौऱ्याहत्तर टक्क्यांना ‘अजून नक्की नाही’ म्हणून टाळत बसणे, दोन्ही मी हट्ट समजतो.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती आपल्याकडे जुनी आहे आणि सुशिक्षितांतही आहे. थायरॉइडच्या बाबतीत सुईच्या वाटेने रोग पसरल्याची उदाहरणे अतिशय दुर्मीळ. भीतीपायी तपासणी टाळणाऱ्यांचे नुकसान त्याहून पुष्कळ मोठे असते. यावर याहून जास्त शब्द खर्चण्याची गरज नाही.

मधल्या खान्यांसाठी आता जनुकीय तपासण्या आल्या आहेत. अफर्मा नावाच्या तपासणीचा २०१२ चा अभ्यास गाजला. २६५ अनिश्चित गाठींत तिने कॅन्सर असलेल्यांपैकी ९२ टक्के पकडले, पण साध्यांना साधे म्हणण्यात ती ५२ टक्क्यांवर अडली. नंतरच्या तपासण्या यात पुढे गेल्या. पण अमेरिकेत त्यांची किंमत हजारो डॉलरांत आहे. आपल्याकडे अर्धा थायरॉइड काढण्याचा खर्च कित्येकदा त्याहून कमी पडेल, मग त्या तपासणीने वाचवायचे काय? शिवाय टक्केवारीचा मघाचा हिशेब तिलाही चुकत नाही. ज्या रुग्णालयात कॅन्सरचे प्रमाण वेगळे, तिथे तिच्या ‘साधी’ या शब्दाचे वजनही वेगळे.

माझ्या मते सुधारणेला खरी जागा सुईच्या आधी आहे आणि सुईच्या नंतर आहे. आधी म्हणजे कोणाला टोचायचे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ मध्येच सांगितले की एक सेंटिमीटरहून लहान गाठीला सहसा सुई लावू नये. अमेरिकेतल्याच रेडिऑलॉजी कॉलेजने २०१७ मध्ये गुण देण्याची पद्धत आणली. सोनोग्राफीत गाठ घन आहे की पाण्याने भरलेली, काळपट आहे का, रुंदीपेक्षा उंच आहे का, कडा वेडीवाकडी आहे का, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, यावर गुण मिळतात. फार संशय असेल तर एक सेंटिमीटरपासून, मध्यम असेल तर दीड, थोडा असेल तर अडीचपासून सुई. आपल्या शहरांत ‘फुल बॉडी चेकअप’च्या पाकिटांत मानेची सोनोग्राफी सवलतीत घातलेली दिसते तेव्हा मला कोरिया आठवतो. चाळिशीनंतरच्या बाईच्या मानेवर यंत्र फिरवले तर काही ना काही सापडण्याची शक्यता भरपूर. तिथून सुरू झालेली साखळी बेथेस्डाच्या तिसऱ्या खान्यात अडकली की ती बाई आणि तिचे घर वर्षभर झोपत नाही.

आणि नंतर म्हणजे पडताळा. बेथेस्डाने दिलेले धोक्याचे आकडे मुख्यतः मोठ्या संस्थांतले आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेने आपले आकडे आपण काढावेत, हे त्या पद्धतीचेच म्हणणे. तिसऱ्या खान्यात दहा टक्क्यांहून जास्त रिपोर्ट जात असतील तर पॅथॉलॉजिस्टने स्वतःकडे बघावे, अशी सूचनाही तिच्यात आहे. पण आपल्याकडे सुई एका लॅबमध्ये टोचली जाते, ऑपरेशन दुसऱ्या गावच्या रुग्णालयात होते, काढलेली गाठ तिसऱ्या लॅबकडे जाते. ज्याने काच पाहून ‘चौथा खाना’ लिहिले त्याला पुढे काय निघाले हे कित्येकदा कळतच नाही. वीस-वीस वर्षे काचा बघणारा माणूस आपण किती वेळा बरोबर होतो हे सांगू शकत नसेल, तर ‘किती टक्के’ या प्रश्नाला तो पुस्तकातलाच आकडा देणार. यावरचा उपाय स्वस्त आहे. सर्जनने हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाती आला की त्याची एक प्रत मूळ लॅबकडे पाठवायची. फोनवरून पाठवली तरी चालेल. लॅबने वर्षाअखेरीस त्या प्रती आपल्या जुन्या रिपोर्टांशी ताडायच्या आणि प्रत्येक खान्यातल्या किती गाठी कॅन्सर निघाल्या ते आपल्या रिपोर्टाखाली दोन ओळींत छापायचे. सुरुवातीला ते आकडे लहान असतील, काहींचे लाजिरवाणेही असतील. रुग्णानेही आपल्या काचा मागून घ्याव्यात आणि जपून ठेवाव्यात. दुसरे मत घ्यायचे झाले तर कागदावरचा रिपोर्ट फारसा कामी येत नाही, पुढच्या पॅथॉलॉजिस्टला काचाच लागतात.